फक्त एकालाच

समितीच्या बैठकीची सुरुवात फोन गोळा करण्यापासून व्हायची. प्राध्यापकांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकलं की प्रत्येकाने आपला फोन बंद करून पत्र्याच्या पेटीत टाकायचा. खजिनदाराने ती पेटी न्हाणीघरात नेऊन ठेवायची आणि नळ थोडासा सोडून यायचं, म्हणजे फोन चोरून ऐकत असलाच तर त्याला बादलीत पडणारं पाणीच ऐकू यावं. बंद फोन काय डोंबल ऐकणार, असं नवख्याने विचारलं की प्राध्यापक डोळे बारीक करून हसायचे. मग दारं लागायची, पडदे ओढले जायचे, आणि आत बसलेली शहाणी माणसं दोन-दोन तास भांडायची ती निषेधपत्रावर पहिली सही कुणाची यावरून.

कात्रीला या सगळ्याची शिसारी यायची. तिचं खरं नाव समितीत कुणी वापरत नसे. ती लग्नसमारंभांचे आणि कंपन्यांच्या जाहिरातींचे व्हिडिओ एडिट करायची, दिवसभर नको ते कापत बसायची, आणि जिभेनेही तेच करायची, म्हणून कात्री. प्राध्यापक बोटाला थुंकी लावून कागद उलटायचे आणि त्याच बोटाने बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवायचे. खजिनदाराचा हात कायम ओला असायचा आणि तो हात मिळवल्याशिवाय सोडायचा नाही. वकीलबाई त्यातल्या त्यात बऱ्या, पण त्या कुणाचंही बोलणं पूर्ण होऊ द्यायच्या नाहीत. तरी कात्री दर बैठकीला यायची, कारण ज्या कायद्याविरुद्ध ही मंडळी जमत होती त्या कायद्याला ती मनातून घाबरत होती.

कायदा सांगायला सोपा होता. फोनवरून पाठवलेले संदेश कुलूपबंद होऊन जातात, पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणाला वाचता येत नाहीत. त्या कुलपाची एक जादा किल्ली सरकारकडे असावी, एवढंच सरकारचं म्हणणं. गुन्हेगार पकडायला हो, दुसरं कशाला! मंत्री रोज टीव्हीवर येऊन विचारायचे, ज्याला लपवायचं काही नाही त्याने घाबरायचं कशाला? आणि घराघरांत लोक जेवता जेवता माना डोलवायचे.

यावर समितीने काय केलं, तर एक जाडजूड पत्रक काढलं. त्यात त्या कुलपासाठीचा ‘कूटबद्धता’ हा शब्द इतक्यांदा आला होता की छापखान्यातल्या माणसाने गठ्ठा देताना विचारलं, हे औषध कशावरचं? ही गोष्ट खजिनदाराने विनोद म्हणून सांगितली, सगळे खो खो हसले, आणि त्याच पत्रकाच्या आणखी प्रती काढायचा ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हा मात्र कात्रीला राहवलं नाही.

“सर, किल्ली सरकारकडे जाते म्हणजे कुणाकडे जाते? सरकार काय माणूस आहे खिशात किल्ली ठेवायला?” ती म्हणाली. “ती जाते कुठल्यातरी ऑफिसात, कुठल्यातरी टेबलामागे बसलेल्या कुठल्यातरी बाप्याकडे. लोकांना कुलपं दाखवून काही होणार नाही. तो बाप्या दाखवा.”

“म्हणजे? कोण बाप्या?” प्राध्यापकांनी विचारलं.

“आहे माझ्या माहितीत एक,” कात्री म्हणाली.

तो बाप्या तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. पोलिसांच्या ज्या शाखेत फोनची माहिती काढतात तिथे तो नोकरीला होता. दिवसभर लोकांची माहिती काढायची आणि संध्याकाळी हात-पाय धुवून बायकोला तिचीच माहिती वाचून दाखवायची, असा त्याचा दिनक्रम. आज कुणाला फोन केलास, किती वेळ बोललीस, औषधाच्या दुकानाशी एवढा वेळ का थांबलीस, कोण आजारी आहे? सुरुवातीला तो नुसतं विचारायचा, आवाजसुद्धा चढवायचा नाही. हात उचलणं नंतर आलं. त्याला सगळं दिसायचं, फक्त दोघी बहिणींचे संदेश वाचता यायचे नाहीत, कारण ते कुलूपबंद होते. त्याच संदेशांतून दोघींनी हळूहळू सगळं ठरवलं आणि एका सकाळी धाकटी कचरा टाकायला म्हणून खाली उतरली ती परत वर गेलीच नाही.

आता ती दुसऱ्या एका शहरात एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, परीटघडीचे डगले, शस्त्रक्रियेचे हिरवे कपडे. इस्त्रीच्या वाफेने चेहरा लाल व्हायचा, पाय दुखायचे, पण तिथल्या बायकांशी तिची गट्टी जमली होती. हसताना तोंडावर हात धरायची जुनी सवय सुटली होती. भाड्याच्या खोलीला आतून कडी होती आणि ती कडी लावून आपण दुपारभर झोपतो, हे ती नव्या नंबरवरून मोठ्या कौतुकाने कळवायची.

व्हिडिओत हे सगळं सांगशील का, असं कात्रीने धाकटीला विचारलं होतं. ती म्हणाली, “तो कायदा झाला तर ती किल्ली त्याच्याच टेबलावर येणार ना गं, ताई? मग बोलते. पण नाव नाही, गाव नाही, काम नाही. आणि तुझ्याशिवाय कुणाला कळता कामा नये. कुणाला म्हणजे कुणालाच.”

“माझ्यावर सोड,” कात्री म्हणाली होती.

कात्रीने कामात काही कमी ठेवलं नाही, हे तिच्या शत्रूनेही कबूल करावं. ती आपला फोन घरीच ठेवून बसने बहिणीकडे गेली. मागे कोरी चादर टांगली आणि फक्त हात चित्रित केले. मनगटावर इस्त्रीचा चटका दिसला तेवढा भाग कापला. आवाज बदलून टाकायची सोय असते, पण बदललेला आवाज पुन्हा मूळपदावर आणता येतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून बहिणीचं शब्द न् शब्द बोलणं तिने स्वतःच्या आवाजात म्हटलं. “त्याने मला कधी कोंडलं नाही,” असं तो व्हिडिओ सुरू व्हायचा. “त्याला गरजच नव्हती.”

समितीने तो पाहिला तेव्हा वकीलबाईंनी एक रास्त प्रश्न काढला. उद्या कुणी म्हणालं हे बनावट आहे, तर? समितीतल्या निदान एका माणसाला तरी खात्री हवी. कात्रीला ते पटलं, आणि समितीत थोर म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवावं असे एकच होते. तिने प्राध्यापकांना त्यांच्या स्वयंपाकघरात गाठलं, फोन पेटीत, पेटी न्हाणीघरात, नळ सुरू. हलक्या आवाजात तिने सांगितलं की ही माझी धाकटी बहीण आणि तो अमुक शाखेतला तमुक. प्राध्यापकांचे डोळे पाणावले. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, “अगं, माझ्या पोटातलं ओठावर यायचं नाही.” कात्री घरी गेली आणि हे तिने धाकटीला कळवलं नाही. कशाला उगीच तिच्या जिवाला घोर?

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. किराणा दुकानात, शाळांच्या फाटकांशी, बसच्या रांगेत लोक त्या टेबलामागच्या बाप्याबद्दल बोलू लागले. ‘किल्ली कुणाच्या खिशात?’ असं भिंतींवर कुणीतरी रंगवलं, समितीने न सांगता. मग कात्रीने पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर टाकायला लावले आणि सगळ्यांना कामाला जुंपलं. सभागृहातला एकेक सदस्य घ्या, त्याच्याच भागातला एक माणूस घ्या, डॉक्टर, दुकानदार, घटस्फोटाच्या खटल्यातली बाई, आणि दोघांची गाठ घालून द्या. भाषण करू नका. त्या माणसाला आपलं गाऱ्हाणं सांगू दे आणि तुम्ही गप्प बसा. गप्प बसणं समितीला फार जड गेलं, पण फळ आलं. कालपर्यंत मंत्र्यांच्या मागे माना डोलवणारे सदस्य ‘विचार करतो’ म्हणू लागले.

प्राध्यापक टीव्हीवर गेले. नवा कोट शिवला. ‘मला असं सुचलं की तो टेबलामागचा माणूस दाखवावा’, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं तेव्हा कात्रीने टीव्ही बंद केला. घेऊ दे श्रेय, तिने मनाशी म्हटलं, श्रेयाचं काय लोणचं घालायचंय? कायदा पडला म्हणजे झालं.

त्यानंतर एके दुपारी तिच्या एडिटिंगच्या खोलीचं दार वाजलं. ती कुठल्याशा नवरीच्या आईचं रडणं छोटं करत होती. दारात बहिणीचा नवरा उभा होता. केस नीट विंचरलेले, हातात फळांची पिशवी.

“येऊ का, ताई?” म्हणाला, आणि येऊन बसलासुद्धा.

कात्रीने समोरचा पडदा बंद केला. “काय काम आहे?”

“काम कसलं, आपल्या माणसाकडे यायला काम लागतं? व्हिडिओ छान झालाय. हात लगेच ओळखले मी.” तो हसला. “खोटं कशाला बोलू, नाही ओळखले. आमच्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, सभागृहातल्या एका सदस्यांनी चौकशी केलीय, तुमच्या शाखेतला माणूस असं वागतो हे खरं का? तेही नावानिशी. सगळ्यांसमोर विचारलं हो.”

“सदस्यांना नाव कुणी सांगितलं?”

“तुमच्या प्राध्यापकांनी. भला माणूस. हातचं राखून बोलायची सवय नाही त्यांना.” त्याने पिशवी टेबलावर ठेवली. “मग मी म्हटलं, ताई तिला भेटल्या असणार. तुमचा फोन बघितला. एरवी तो दिवसभर गावभर हिंडतो, आणि मध्यंतरी दोन दिवस घरात मुकाट पडून होता. म्हणजे ताई नक्की कुठेतरी गेल्या होत्या. मग बसस्थानकावरच्या कॅमेऱ्यात तुम्ही कुठल्या बसमध्ये चढलात ते बघायला कितीसा वेळ लागतो? नव्या कायद्याची गरज पडली नाही बघा.”

कात्रीने उठून दार सताड उघडलं.

“शहर कळलंय. घर कळेल,” तो उठत म्हणाला. “तिला म्हणावं, स्वतःहून आलीस तर बरं. फळं खा, गोड आहेत.”

तो गेल्यावर तिने पहिलं काम केलं ते धाकटीला कळवण्याचं. ‘त्याला शहर कळलंय. आत्ताच्या आत्ता नीघ.’ पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘कसं?’ कात्रीने लिहिलं, ‘सर बोलले एका सदस्याजवळ. आधी नीघ, मग सांगते.’ धाकटी कामाच्या कपड्यांतच निघाली. पगार राहिला, खोलीची अनामत राहिली, मैत्रिणींना सांगायचं राहिलं. वाटेतून तिने एवढंच कळवलं की माझ्या शिफ्टच्या चादरी अर्ध्याच झाल्या होत्या, त्या आता कोण करतंय कोण जाणे. फळांची पिशवी कात्रीने चिमटीत धरून कचऱ्यात टाकली आणि हात साबणाने कितीदा धुतले तरी तिचं समाधान होईना.

दुसऱ्या दिवशी समिती जमली. खजिनदार पेटी घेऊन पुढे आला.

“दूर हो,” कात्री म्हणाली, आणि सरळ प्राध्यापकांपुढे जाऊन उभी राहिली. “सर, माझ्या बहिणीचा नवरा तिच्या शहरापर्यंत पोचला. तुम्ही त्याचं नाव सांगितलंत?”

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “अगं, आधी बस तरी. त्या सदस्याचं मत दोलायमान होतं. म्हणाला, ही बाई नटी नसेल कशावरून? आता आपलाच मुद्दा खोटा ठरायला लागल्यावर...”

“सांगितलंत की नाही?”

“फक्त एकालाच सांगितलं! तेही विश्वासातल्या माणसाला, लिफ्टमध्ये, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. फोनवरसुद्धा नाही.” फोनवर नाही हे त्यांनी अशा काही अभिमानाने सांगितलं की कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आणि त्याचं मत फिरलं, हे विसरू नकोस. शेवटी आपल्या माणसांत काय लपवायचं?”

मंत्र्यांचं वाक्य प्राध्यापकांच्या तोंडून आलं होतं आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. फोन न्हाणीघरात कोंडायचे आणि तोंडात तीळ भिजत नाही, अशी ही गुपितांची राखण करणारी माणसं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! कात्रीला त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात साचलेला पांढरा फेस दिसत होता. याच तोंडाने त्यांनी लिफ्टमध्ये धाकटीचा नवरा कोण ते सांगितलं असेल, डोळ्यांत पाणी आणून.

“झालं ते वाईटच झालं,” खजिनदार ओले हात चोळत म्हणाला. “पण मी काय म्हणतो, आता उघड झालंच आहे. तर ताईंच्या बहिणीने सभागृहाच्या सुनावणीला स्वतःच यावं ना. चेहरा घेऊन. तिला हुडकत तो शहरापर्यंत पोचला, हेच सांगावं. काय परिणाम होईल!”

“आपण तिला संरक्षण मागू,” एक जण म्हणाला.

“कुणाकडे?” कात्रीने विचारलं. “पोलिसांकडे?”

तिने वकीलबाईंकडे पाहिलं. त्या कधी कुणाला पूर्ण बोलू द्यायच्या नाहीत, आज मात्र सगळ्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या होत्या. “कायद्याच्या दृष्टीने साक्ष फारच मजबूत होईल,” त्या खाली बघत म्हणाल्या. “अर्थात तिची इच्छा असेल तर.”

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात हे कात्रीने ऐकलं होतं. इथे तर माणूस अजून जिवंत होतं आणि यांचा हात टाळूवर पोचलासुद्धा होता. तिला खरोखरच मळमळलं. ती न्हाणीघरात गेली आणि चूळ भरून थुंकली, दोनदा, तीनदा. बाहेर येऊन म्हणाली, “मतदान होईपर्यंत व्हिडिओ राहील, कारण तो काढला तर त्या बाप्याचंच फावेल. मतदान झालं की मी तो काढणार आणि तुमच्यातल्या कुणाचंही तोंड मला बघायचं नाही.”

“अगं, एवढ्या चांगल्या कामात असं वैयक्तिक...” प्राध्यापकांनी सुरुवात केली. ते वाक्य पूर्ण ऐकायला ती थांबली नाही.

कायदा पडला. थोडक्या मतांनी, पण पडला, आणि त्या लिफ्टमधल्या सदस्याने समितीच्याच बाजूने मत दिलं. म्हणजे हिशेबाने बघायला गेलं तर प्राध्यापकांचं बरोबरच ठरलं, आणि याच गोष्टीचा कात्रीला सगळ्यात जास्त तिटकारा आला. टीव्हीवर ते नव्या कोटात उभे होते, छातीवर हात ठेवून ‘त्या अनाम भगिनीला’ हा विजय अर्पण करत होते. शेजारी खजिनदार कॅमेऱ्यात येण्यासाठी टाचा उंचावत होता. कात्रीने व्हिडिओ काढून टाकला, स्वतःजवळच्या प्रतीही पुसल्या आणि मोकळ्या पडद्याकडे बघत बसली.

तेवढ्यात धाकटीचा संदेश आला. निघाल्यापासून तिने अधूनमधून ‘ठीक आहे’ एवढंच कळवलं होतं.

‘जिंकलात म्हणे. बरं झालं.’

‘जिंकलो गं,’ कात्रीने लिहिलं. ‘तुझ्यामुळे. आता ती किल्ली त्याला कधीच मिळणार नाही. तू कशी आहेस? जेवतेस ना?’

‘जेवते. एक विचारायचं होतं.’

‘विचार की.’

‘तू म्हणालीस सर बोलले. पण सरांना कुणी सांगितलं, ताई?’

कात्रीची बोटं आपोआप चालली. ‘अगं, वकीलबाई म्हणाल्या खात्री हवी, म्हणून फक्त एकालाच सांगितलं, तेही विश्वासातल्या’, इथपर्यंत तिने लिहिलं आणि मग स्वतःचंच वाक्य पडद्यावर वाचलं. तिच्या घशाशी तीच आंबट मळमळ आली जी प्राध्यापकांच्या घरात आली होती, पण या वेळी दुसऱ्या कुणाच्या ओठांकडे बघायची सोय नव्हती. तिने एकेक अक्षर पुसलं. मग लिहिलं, ‘मी.’

पलीकडून उत्तर आलं.

‘तेवढंच विचारायचं होतं. मला वाटलंच होतं, पण तुझ्याकडून ऐकायचं होतं. मी बरी आहे, ताई. काम मिळालंय, खोलीही मिळालीय. कुठे ते सांगत नाही. रागावले नाहीये. हा नंबर आज बंद करतेय.’

‘थांब,’ कात्रीने घाईघाईने लिहिलं. ‘निदान शहर तरी सांग. मी कुणाला नाही सांगणार. कुणाला म्हणजे कुणालाच.’

तो संदेश कुलूपबंद होऊन नीट निघाला. वाटेत कुणीही तो वाचला नाही. धाकटीने सुद्धा.